फेटल फ्रेम २: क्रिमसन बटरफ्लाय

फेटल फ्रेम २: क्रिमसन बटरफ्लाय हा टेक्मो या जपानी कंपनीचा सर्व्हायव्हल हॉरर गेम, नोव्हेंबर २००३ मध्ये जपानात प्लेस्टेशन २ वर आला. डायरेक्टर माकोतो शिबाता, प्रोड्युसर केइसुके किकुची. अमेरिकेत सिरीजचं नाव फेटल फ्रेम, युरोपात प्रोजेक्ट झिरो आणि जपानात नुसतं झिरो, त्यामुळे सर्च करताना हमखास गोंधळ होतो. पहिला भाग २००१ चा, पण त्याची स्टोरी वेगळी आहे, तो न खेळता थेट इथून सुरू केलं तरी काही अडत नाही.

मिओ आणि मायू अमाकुरा या जुळ्या बहिणी. लहानपणी जिथे खेळायच्या ते जंगल आता धरणाच्या पाण्याखाली जाणारे, म्हणून एकदा बघायला येतात. लहान असताना इथेच मायू पडली होती आणि तिच्या पायाला कायमची दुखापत झाली, ती अजून लंगडत चालते, आणि ते आपल्यामुळे झालं असं मिओला आतून वाटत राहतं. मायू एका लाल फुलपाखरामागे चालत सुटते, तिच्यामागे मिओ, आणि दोघी पोचतात मिनाकामी नावाच्या गावात, जे एका रात्रीत नकाशावरून गायब झालेलं आहे आणि जिथे सकाळ म्हणून होतच नाही.

गावाखाली एक मोठं विवर आहे, नरकाचं दार म्हणा. ते शांत ठेवायला दर काही वर्षांनी जुळ्या भावंडांचा विधी करायचा, म्हणजे मोठ्याने धाकट्याचा गळा आपल्या हाताने दाबून जीव घ्यायचा. मेलेलं जुळं लाल फुलपाखरू होऊन गावाची राखण करतं अशी श्रद्धा. यात एक गोम आहे, गावाच्या रीतीप्रमाणे आधी जन्मलेलं मूल धाकटं आणि नंतरचं मोठं धरतात, आणि एकदा हे कळलं की मिओ-मायूमध्ये कोण कोणाचा गळा दाबणार हे आपोआप कळतं. जुळी वेळेत मिळाली नाहीत तर बाहेरच्या माणसाचा बळी, त्याला कुसाबी म्हणतात. लोककथा जमवायला आलेला सेइजिरो माकाबे हा अभ्यासक असाच अडकला. पुढे साए आणि याए कुरोसावा या बहिणींची पाळी आली, दोघी पळाल्या, याए निसटली, साए सापडली, गावकऱ्यांनी तिला एकटीलाच फासावर दिलं, विधी फसला आणि अख्खं गाव अंधारात गेलं. तीच साए रक्ताने माखलेल्या किमोनोत हसत फिरते, आणि ते हसणं हेडफोन लावून ऐकू नये.

आता मुख्य मुद्दा, कॅमेरा. बंदूक नाही, चाकू नाही. डॉ. कुनिहिको आसो या माणसाने बनवलेला कॅमेरा ऑब्स्क्युरा हे एकच हत्यार, फोटो काढला की भुताची ताकद कमी होते. कॅमेरा डोळ्याला लावला की व्ह्यू फर्स्ट पर्सन होतो, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसतं, आणि आजूबाजूचं काही दिसत नाही, फ्रेममध्ये येईल तेवढंच. भूत लांब असताना क्लिक केलं तर डॅमेज फुटकळ. खरा मार बसतो तो भूत अंगावर झडप घालतं त्या एका क्षणाला, तेव्हा इंडिकेटर पेटतो, त्यालाच फेटल फ्रेम म्हणतात, टायमिंग जमलं तर लागोपाठ तीन शॉट निघतात. म्हणजे पळून जावंसं वाटतंय तिथेच उभं राहून चेहरा पूर्ण फ्रेम भरेपर्यंत थांबायचं. इतर हॉरर गेममध्ये हातात काहीतरी आलं की भीती कमी होते, इथे हत्यारच तुम्हाला बघायला लावतं, आणि माझ्या मते सगळ्या सिरीजची कमाई हीच आहे, बाकी कंट्रोल तर जडच आहेत. शिवाय भुतं भिंतीतून आरपार जातात, त्यामुळे पाठ भिंतीला लावून काही उपयोग होत नाही. रीळ वेगवेगळ्या ताकदीचे, टाइप-०७ अगदी किरकोळ, टाइप-९० जोरदार, आणि टाइप-झिरो इतका दुर्मीळ की लोक बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूच्या, भीतीने जपून ठेवतात आणि शेवटी तो न वापरताच गेम संपतो.

गावात ओसाका, कुरोसावा, किर्यू आणि ताचिबाना ही घरं फिरायला मिळतात. स्टोरी कटसीनपेक्षा (मधेमधे लागणाऱ्या व्हिडिओपेक्षा) डायऱ्यांतून आणि मेलेल्यांचे आवाज साठवलेल्या खड्यांतून जास्त कळते, हे खडे एका छोट्या रेडिओत घालून ऐकायचे. ताचिबाना घरातली चितोसे ही छोटी मुलगी घंटा वाजवत पळते, मारते ती, पण राग येण्याऐवजी दया येते. तिचा भाऊ इत्सुकी कोठारात कोंडलेला आहे, मिओला याए समजून मदत करतो.

शेवट एकापेक्षा जास्त आहेत. (इथे स्पॉयलर आहे.) मूळ शेवटात मिओच्या हातूनच मायू जाते, आणि २००५ चा तिसरा भाग हाच शेवट धरून चालतो. हार्ड, म्हणजे अवघड पातळीवर खेळलं तर दुसरा मिळतो, दोघी वाचतात पण विवरात बघितल्यामुळे मिओची दृष्टी जाते. शेवटी लागणारं त्सुकी आमानोचं गाणं फॅन लोकांना अजून पाठ आहे.

२००४ मध्ये एक्सबॉक्सवर डायरेक्टर्स कट आला, त्यात पूर्ण गेम फर्स्ट पर्सनमध्ये खेळायची सोय होती. २०१२ ची निन्टेन्डोच्या वी (Wii) कन्सोलवरची नवी आवृत्ती जपान आणि युरोपात आली, अमेरिकेला मिळालीच नाही. मग २०२५ मध्ये कोएई टेक्मोने नवीन रीमेक जाहीर केला, त्यात मायूचा हात धरून चालता येतं.