मलिकंबरी

अहमदनगरच्या निजामशाहीत हबशी मुखत्यार मलिक अंबर (सु. १५४८–१६२६) याच्या अमलाखाली, स्थूलमानाने १६०० ते १६२६ या काळात, रूढ झालेला कारभार व विशेषतः जमीनमहसुलाची पद्धत.

इथिओपियात जन्मलेला व गुलाम म्हणून बगदादमार्गे दख्खनेत आलेला अंबर पेशवा चंगीझखान याच्या पदरी वाढला. हा चंगीझखानही मूळचा हबशी गुलामच होता. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर अंबरने परांडा येथे निजामशाही घराण्यातील दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. राजू दख्खनी हा प्रतिस्पर्धी, संशयी सुलतान आणि परक्याला कमी लेखणारे सरदार यांच्या विरोधात त्याला टिकायचे होते. राजूचा पाडाव सु. १६०७ मध्ये झाला. मराठा सरदारांना त्याने मोठ्या प्रमाणावर चाकरीत घेतले. तथापि त्यांची निष्ठा अखंड नव्हती, कारण १६१६ च्या रोशनगावच्या लढाईपूर्वी लखुजी जाधवरावांसह अनेक सरदार मोगलांना मिळाले होते. उलट, १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जहांगीर त्याचा उल्लेख सतत त्याच्या वर्णावरून हिणवून करतो, पण त्याच दरबारचा इतिहासलेखक मुतमदखान मात्र युद्ध व कारभार या दोहोंत त्याला तोड नव्हती, असे लिहून ठेवतो.

महसूलपद्धतीचे मूळ वादग्रस्त आहे. ती अकबराचा महसूलमंत्री तोडरमल याच्या पद्धतीवरून घेतली, हे मत ब्रिटिश अंमलदारांच्या लेखनातून रूढ झाले व पुढील ग्रंथांत पुनरुक्त झाले. परंतु तोडरमलाच्या पद्धतीचा भर जमिनीच्या मोजणीवर व पिकवार दरांवर होता, तर अंबरच्या पद्धतीत प्रत्यक्ष पिकाचा अंदाज आणि गावच्या पाटील-कुलकर्ण्यांची जबाबदारी यांना अधिक स्थान दिसते. त्यामुळे ती पूर्वीच्या दख्खनी वहिवाटीची सुधारलेली आवृत्ती मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सरकारी हिस्सा धान्यरूपाने उत्पन्नाच्या दोन-पंचमांश किंवा रोखीने भरल्यास सुमारे एक-तृतीयांश होता, असे सामान्यतः सांगितले जाते. मात्र हे आकडे प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील संकलनांतून आलेले असल्याने ते सर्व परगण्यांना सरसकट लावू नयेत. मक्तेदारी (महसूलवसुली ठेक्याने देण्याची पद्धत) बंद करून वसुली सरकारी अंमलदारांकडे दिली, याबाबत बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. मिराशी हक्क (जमिनीवरील वंशपरंपरागत हक्क) अंबरने निर्माण केला, हे विधान मात्र अतिशयोक्त दिसते; तो हक्क जुनाच असून त्याने त्यास मान्यता दिली असावी.

सु. १६१० मध्ये वसवलेल्या खडकीस (पुढे औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर) नहर-ए-अंबरी या भूमिगत कालव्याने पाणी पुरवले जाई. अंबरचा मृत्यू १६२६ मध्ये झाला. त्याची कबर खुलताबाद येथे आहे. त्याचा मुलगा फत्तेखान याच्या हाती सूत्रे आल्यावर निजामशाही फार काळ टिकली नाही. मोगलांनी १६३३ मध्ये दौलताबाद घेतले. तरीही शिवकालीन सनदा-पत्रांत जुनी वहिवाट सांगताना मलिकंबराच्या कारकिर्दीचा दाखला दिलेला आढळतो.