यकृतातले तांबे, मेंदूतले तांबे: विल्सन रोगाच्या निदानाची पार्श्वभूमी

लहानपणी कावीळ होऊन गेलेल्या मुलाचे अक्षर नववी-दहावीत बिघडू लागते, जीभ जड होते, पेला धरताना हात थरथरतो. घरचे त्याला परळच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टरांकडे नेतात, पण त्या जुन्या काविळीचे कागद सोबत न्यावेत हे कोणालाच सुचत नाही. यकृतात आणि मेंदूत तांबे साचवणाऱ्या विल्सन रोग या आनुवंशिक आजाराचे निदान बहुधा इथेच अडते.

या रोगाचा इतिहासही असाच तुकड्यातुकड्यांनी घडला. बुबुळाच्या कडेला दिसणारे हिरवट-तपकिरी कडे जर्मनीतल्या कायझर आणि फ्लायशर या नेत्रवैद्यांनी 1902-03 मध्ये नोंदवले, आणि मेंदूतील गाभ्याची झीज व यकृताचा सिरोसिस (यकृत निबर होऊन आकसणे) एकाच रुग्णात आढळतात हे किनियर विल्सन यांनी लंडनमध्ये 1912 साली मांडले. दोन्ही अवयवांत तांबे साचते हे कमिंग्ज यांनी 1948 मध्ये ठामपणे दाखवले, तर रक्तातले सेरुलोप्लास्मिन हे तांबे वाहणारे प्रथिन या रुग्णांत कमी असते हे 1952 मध्ये कळले. 1956 मध्ये वॉल्श यांनी पेनिसिलामाइन हे शरीरातले तांबे बाहेर काढणारे औषध वापरात आणल्यावर मात्र निदानाला खरी निकड आली, कारण वेळेत ओळखलेला रुग्ण आता वाचू शकत होता. दोषी जनुक, एटीपी7बी, 1993 मध्ये सापडले.

मुंबईचा वाटा यात मोलाचा आहे. दारब दस्तूर, नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रोग असलेल्या 16 भारतीय कुटुंबांचा अभ्यास 1968 मध्ये प्रसिद्ध केला.

आपल्याकडे आणखी एक गुंता होता. पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या दुधातून तान्ह्या बाळांच्या पोटात तांबे जाते आणि यकृत निकामी होते, हा संबंध 1980 च्या दशकात पुण्यातील अभ्यासांतून पुढे आला. त्यामुळे यकृतात तांबे सापडले म्हणजे तो विल्सन रोगच, असे म्हणता येत नाही. सेरुलोप्लास्मिनही दगा देते: यकृताला सूज असताना ते सामान्य दिसू शकते. म्हणून बुबुळाचे कडे शोधण्यासाठी डोळ्यांची स्लिट लॅम्प (प्रकाशझोत असलेला सूक्ष्मदर्शक) तपासणी, चोवीस तासांच्या लघवीतील तांबे, गरज पडल्यास यकृताचा तुकडा आणि जनुकीय तपासणी यांची गुणांच्या तक्त्यावर सांगड घालतात; हा तक्ता 2001 मधील लाइपझिगच्या बैठकीतून आला.

एका मुलात रोग ठरला, की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून वरवर ठणठणीत दिसणाऱ्या धाकट्या बहिणीचीही तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.