मेटल फ्लेक आणि पर्ल रंगकाम (गोवा)

मेटल फ्लेक आणि पर्ल हे गाडीच्या कस्टम पेंटचे दोन प्रकार. बरेच जण दोन्हीला चमकीच समजतात, पण दोन्हींचं काम करायची तऱ्हा अगदी वेगळी आहे. फ्लेकचा कण सुटा सुटा डोळ्याला दिसतो, उन्हात एकेक ठिपका पेटतो. पर्लची पूड इतकी बारीक की कण दिसतच नाही, फक्त गाडी वळली किंवा आपण बाजूला सरकलो की रंग बदलतो. कंपनीतून येणाऱ्या साध्या मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमची बारीक पूड असते, तो तिसरा प्रकार. गोव्यात हे काम जास्त करून बुलेटची टाकी, मडगार्ड, हेल्मेट यांच्यावर दिसतं, अख्खी कार क्वचित, कारण खर्च आणि मेहनत दोन्ही भरपूर लागते. वागातोरला रॉयल एनफील्डचा रायडर मेनिया हा बाइकवाल्यांचा मेळा (आता त्याचं नाव मोटोव्हर्स) असला की देशभरातल्या रंगवलेल्या टाक्या एका जागी बघायला मिळतात. ज्याला हे शिकायचंय त्याने तिथे संध्याकाळच्या तिरक्या उन्हात फिरावं, दिव्याखाली काही कळत नाही.

नावात मेटल असलं तरी आजचा फ्लेक म्हणजे पॉलिएस्टरची पातळ फिल्म, तिच्यावर ॲल्युमिनियमची वाफ बसवतात, वरून रंगाचं कोटिंग करतात आणि मग ती यंत्रावर षटकोनी तुकड्यांत कापतात. माप इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. 0.004 इंच म्हणजे साधारण 100 मायक्रॉन, 0.008 म्हणजे 200, आणि 0.015 म्हणजे 400 च्या जवळ, हा या तिन्हींत सगळ्यात भडक. इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. नरकासुराच्या पुतळ्याला किंवा शिगम्याच्या चित्ररथाला जी स्टेशनरीच्या दुकानातली चमकी लावतात ती टाकीवर मारू नका. तिच्यावरचा रंग थिनर सोसेलच असं नाही, बऱ्याचदा क्लिअरमध्ये (वरून मारायच्या पारदर्शक कोटात) तो सुटतो, लाल चमकीचा क्लिअर गुलाबी होतो आणि खाली नुसती चंदेरी टिकली उरते. पेंटसाठी सॉल्व्हंट सोसणारा फ्लेक वेगळा मिळतो, महाग आहे, पण तोच घ्यायचा.

फ्लेक मारताना नेहमीची 1.3-1.4 मिमी नोझलची स्प्रे गन चालत नाही, ती तुंबते. 1.8 ते 2.2 चं नोझल लागतं, मोठ्या फ्लेकला त्याहून मोठं, आणि कपातली जाळी काढून ठेवावी लागते. फ्लेक जड, तळाला बसतो, म्हणून कपात दोन-तीन बेअरिंगच्या गोळ्या टाकून गन सारखी हलवत राहतात. खालचा बेस कोट फ्लेकच्याच रंगाचा ठेवला की कमी फ्लेकमध्ये अंग भरतं. चंदेरीखाली चंदेरी किंवा राखाडी बरा, काळ्यावर मारला तर मधल्या फटी दिसतात, अर्थात कोणाला तेच हवं असतं. एकाच जाड कोटात काम उरकायचं नाही, पातळ तीन-चार कोट, प्रत्येक वेळी दिशा बदलून, म्हणजे पट्टे पडत नाहीत. काही पेंटर ओल्या क्लिअरवर कोरडा फ्लेक हवेने फुंकतात, त्यात माल बराच वाया जातो पण कण आडवे चांगले बसतात.

खरं काम इथून पुढे सुरू होतं, आणि लोक नेमके इथेच घाई करतात. फ्लेकचे तुकडे कौलं घातल्यासारखे एकमेकांवर चढून बसतात, काही उभे राहतात, हात फिरवला तर पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. त्यावर क्लिअरचे चार-सहा कोट, मध्ये सुकायला पुरेसा वेळ, मग 400 ते 600 चा वॉटर पेपर मारून सपाट करायचं, आणि परत दोन-तीन कोट. पेपर मारताना कणापर्यंत पोचलं की त्याच्यावरचं रंगाचं कोटिंग सोलून निघतं आणि तिथे पांढरट ठिपका दिसतो, तो नंतर कितीही क्लिअर मारलं तरी जात नाही. म्हणून पेपर फक्त क्लिअरवर फिरला पाहिजे, फ्लेकवर नाही. कोटांमध्ये घाई केली तर आत अडकलेलं थिनर नंतर बुडबुडे काढतं. शेवटी 1500-2000 चा पेपर आणि बफिंग. फ्लेकच्या कामात जी खोली दिसते ती या क्लिअरची असते, आणि कुणी दोन दिवसांत टाकी करून देतो म्हणाला तर त्यात सुकण्याचा वेळ कुठे बसवलाय ते आधी विचारावं. फ्लेकवर कँडी, म्हणजे पारदर्शक रंग, मारला की उजेड रंगातून आत जातो, फ्लेकवर आपटून परत रंगातूनच बाहेर येतो, म्हणून कँडी लाल इतका गडद आणि तरी पेटलेला दिसतो. कँडीचा प्रत्येक कोट रंग गडद करतो, त्यामुळे हात एकसारखा नसला तर डाग लगेच दिसतात.

पर्लचं शास्त्र मला त्याहून सुंदर वाटतं. पर्ल म्हणजे अभ्रकाचे पातळ पापुद्रे, त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साईडचा थर. त्या थरात रंग नसतोच. थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूने परतणारे उजेडाचे किरण एकमेकांत मिसळतात, काही रंग वाढतात, काही कटतात, आणि कोणता वाढणार ते फक्त थराच्या जाडीवर ठरतं. 40 ते 60 नॅनोमीटरच्या आसपास चंदेरी-पांढरा, जाडी वाढवत गेलं की सोनेरी, लाल, निळा, हिरवा. टायटॅनियमच्या जागी लोह ऑक्साईडचा थर दिला तर ब्राँझ आणि तांब्याच्या छटा मिळतात, आणि हे लोह ऑक्साईड म्हणजे रासायनिकदृष्ट्या तेच हेमटाइट जे डिचोली-सत्तरीच्या खाणींतून निघतं.

आता हे समजलं की बेसचा प्रश्न आपोआप सुटतो. निळा पर्ल काळ्यावर मारला की झळझळीत निळा, कारण पापुद्र्यातून आरपार गेलेला बाकीचा उजेड काळा रंग गिळतो. तोच पर्ल पांढऱ्यावर मारला तर तो उजेड खालून परत येतो, निळा पार फिका पडतो, काही कोनांतून किंचित पिवळट झाकही दिसते. एकच डबा, दोन गाड्या, दोन रंग. म्हणून पर्ल तीन टप्प्यांत मारतात, बेस, मग पारदर्शक इंटरकोटमध्ये मिसळलेली पर्ल, मग क्लिअर. पूड जास्त घातली म्हणून चमक वाढत नाही, उलट रंग दुधाळ होतो.

इतिहास थोडक्यात. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये माशाच्या खवल्यांतून मोत्यासारखी चकाकी काढून खोटे मोती बनवायचे, अभ्रक आणि टायटॅनियमची पर्ल 1960 च्या दशकात आली. कँडी आणि फ्लेकची रंगरीत अमेरिकेतल्या, खास करून कॅलिफोर्नियाच्या, कस्टम कारवाल्यांनी 1950-60 च्या दशकांत वाढवली. 1996 साली फोर्डने मस्टँग कोब्राचा मिस्टिक नावाचा रंग काढला, कोनानुसार हिरवा, जांभळा, सोनेरी दिसणारा. हे रंग किती मोजक्या जागी बनतात ते 2011 मध्ये कळलं. जपानच्या भूकंपात मर्क कंपनीचा ओनाहामा इथला कारखाना बंद पडला, झिरॅलिक नावाचं पिगमेंट तेव्हा तिथेच बनत होतं, आणि फोर्डसारख्या कंपन्यांना काही काळ्या आणि लाल रंगांतल्या गाड्यांच्या ऑर्डर घेणं थांबवावं लागलं.

गोव्यात या कामाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. जून ते सप्टेंबर पावसात ओलावा इतका असतो की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि क्लिअरला पांढरट धुरकटपणा येतो. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, क्लिअरचा हार्डनरही पाण्याशी रिॲक्ट होतो. कॉम्प्रेसरच्या लाईनला पाणी गाळणारा फिल्टर नसेल तर पाण्याचे थेंब थेट गनमधून बाहेर येतात. भट्टी असलेल्या वर्कशॉपात पावसातही काम निघतं, पण उघड्या पत्र्याखालच्या गॅरेजात असं काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतच करावं असं माझं मत, आणि तेही सकाळचं दव ओसरल्यावर. तांबड्या मातीची धूळ दुसरा त्रास, त्यासाठी जमीन पाण्याने ओली करून घेतात. किनाऱ्याकडच्या गाड्यांना खाऱ्या हवेने सांध्यात गंज धरलेला असतो, तो मुळापासून काढून इपॉक्सी प्रायमर मारल्याशिवाय वरचा पर्ल किती का महागाचा असेना, खालून फुगणार. कडक उन्हात अभ्रकाची पर्ल टिकते, डायवाली (विरघळणाऱ्या रंगाची) कँडी मात्र फिकी पडते, त्यामुळे यूव्ही रोखणारं क्लिअर इथे घ्यायलाच हवं.

टू-के क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतात, फवाऱ्यातून फुप्फुसात गेले की दम्याचा त्रास कायमचा मागे लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, धुळीचा मास्कही पुरत नाही, बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क हवा. गॅरेजात शिकायला आलेली पोरं उघड्या तोंडाने गन धरतात ते बघून जीव तुटतो, आणि मास्क विकत घेऊन देणं हे मालकाचं काम आहे.

दुरुस्ती हा या रंगाचा कच्चा दुवा. ओरखडा पडला तर नुसता टच-अप जमत नाही, कारण रंग डब्यात नसून कोटांच्या संख्येत, गनच्या प्रेशरमध्ये आणि हाताच्या वेगात असतो. म्हणून जाणता पेंटर कामासोबतच एक छोटा पत्रा त्याच कोटांनी रंगवतो, मागे बेस, पर्ल किंवा फ्लेक, किती कोट, कुठलं नोझल हे लिहून ठेवतो, आणि पुढे जुळवणी उन्हात करतो. फ्लेकचा एक कोपरा खरवडला तर सहसा अख्खा पॅनलच परत करावा लागतो. आणि गाडीचा मूळ रंग बदलत असेल तर आरटीओत अर्ज करून आरसीवर नवा रंग चढवून घ्यावा लागतो, नाहीतर तपासणीत किंवा इन्शुरन्सच्या क्लेमच्या वेळी अडचण येऊ शकते.