पदवीच्या मुलांना संशोधनाचं काम: ‘अनुभव’ विचारला जातो कारण…

गोव्यात म्हापशाच्या किंवा केप्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेला विद्यार्थी संशोधनाचं काम मागायला जातो, तेव्हा त्याला अनुभव विचारतात. तो त्याच्याकडे नसतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. 1942 साली सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, स्थापन झाली. पुढे देशातलं बरंचसं संशोधन राष्ट्रीय प्रयोगशाळांत गेलं, शिकवणं तेवढं संलग्न कॉलेजांत उरलं. गोव्यात मुक्तीनंतर 1962 पासून कॉलेजं निघाली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून 1966 साली जन्मलेली एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, पुढे दोनापावलला स्थिरावली आणि ताळगाव पठारावर विद्यापीठही आलं. अंतर थोडंच, पण बीएस्सीच्या मुलाला तिकडे नेणारी वाट कोणी आखलीच नाही.

अमेरिकेत एमआयटीने 1969 साली ही वाट मुद्दाम आखली: पदवीच्या मुलांनी प्राध्यापकांच्या चालू कामात हात घालून शिकायचं. आपल्याकडे तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपने काहींना संधी दिली. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स आलं: पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण हवेत, प्रकल्पाला 12 क्रेडिट. पण चौथ्या वर्षापर्यंत थांबणं आम्हाला पटत नाही.

कारण सुरुवातीच्या कामाला अनुभव लागतच नाही, चिकाटी लागते. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मोजण्याचंच घ्या. सेजविक-राफ्टर ही 50 बाय 20 मिलिमीटरची काचेची पेटी, खोली 1 मिलिमीटर. तिच्यात बरोबर 1 मिलिलिटर नमुना मावतो. बाटली नीट हलवली नाही तर जड पेशी तळाशी राहतात. झाकणकाच सरळ ठेवली तर हवेचा बुडबुडा अडकतो, म्हणून ती तिरकी ठेवून, भरल्यावर फिरवून बसवायची. दोन दिवसांत हात बसतो.

शास्त्रज्ञाला काम मागताना मेलमध्ये हेच सांगावं: आपण काय करू शकतो, आठवड्याला किती तास, कुठल्या तारखांना. त्या शास्त्रज्ञाचा एक शोधनिबंध वाचून त्यातली न कळलेली एक गोष्ट विचारावी. दीडशे शब्द पुरेत. तीस जणांना एकच मजकूर पाठवला की तो लगेच ओळखू येतो. मे महिन्यातलं काम हवं तर जानेवारीतच लिहावं, कारण कॉलेजचं पत्र आणि संस्थेच्या परवानग्या यांतच आठवडे जातात. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करावी, नंतर दुसरं दार.