भिंतीचा फोटो, उन्हाविना

१९७४ साली युटा विद्यापीठात एडविन कॅटमल यांनी पीएचडीच्या प्रबंधात त्रिमितीय आकारावर सपाट चित्र चढवण्याची रीत मांडली. डब्याला रंगीत कागद गुंडाळावा तसं. त्यालाच टेक्स्चर मॅपिंग म्हणतात. कागद कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र उरला. हाताने रंगवा, सूत्रातून काढा किंवा बाहेर पडून फोटो घ्या. केन पर्लिन यांच्या नॉइजमुळे, म्हणजे गणिताने काढलेल्या पण नैसर्गिक वाटणाऱ्या अनियमिततेमुळे, १९८५ पासून ढग आणि संगमरवर सूत्रातून निघू लागले. पण पोपडे उडालेली, शेवाळलेली भिंत कोणत्या सूत्रात बसवणार?

फोटोची अडचण वेगळीच. त्यात भिंतीसोबत त्या वेळचं ऊनही येतं. विटांच्या प्रत्येक सांध्यात दुपारची सावली बसलेली असते, आणि त्रिमितीय दृश्यातला सूर्य भलतीकडे असला की सगळं खोटं वाटतं. सुरुवातीच्या गेममध्ये हे खपून गेलं. १९९३ च्या ‘डूम’मध्ये जमिनीचं टेक्स्चर ६४ × ६४ पिक्सेलचं आणि रंग एकूण २५६, एवढ्यात सावली कोण शोधतंय! तेव्हा खरा छळ होता तो टाइलच्या, म्हणजे फरशीसारख्या शेजारी-शेजारी पुन्हा पुन्हा लावलेल्या चित्राच्या, कडांचा. फोटो अर्धा सरकवायचा आणि मधोमध आलेली शिवण क्लोन टूलने, म्हणजे शेजारचा भाग उचलून त्यावर रंगवत, बुजवायची. एफ्रॉस आणि लुंग यांनी १९९९ मध्ये छोट्या नमुन्यातून पिक्सेलमागून पिक्सेल टेक्स्चर वाढवून दाखवलं. २००१ मध्ये एफ्रॉस आणि फ्रीमन यांनी तुकडे गोधडीसारखे जोडले. शिवणीचं कोडं बरंचसं सुटलं. ऊन तिथेच राहिलं.

त्यावरची वाट आधीच सापडली होती. जिम ब्लिन यांनी १९७८ मध्ये आकार न बदलता, फक्त पृष्ठभागाची दिशा ठरवणारे नॉर्मल कलवून सुरकुत्यांचा भास निर्माण केला. म्हणजे खडबडीतपणा रंगापासून वेगळा साठवता येतो. १९८० मध्ये वुडहॅम यांनी कॅमेरा जागच्या जागी ठेवून दिवा फिरवला आणि उजेडातल्या फरकावरून पृष्ठभागाचा कल मोजला. खोलीत हे छान जमतं. बाहेर सूर्य कोण फिरवणार?

म्हणून बाहेर काम करणारे ढगाळ दिवसाची वाट बघतात. सोबत रंग जुळवायला कलर चार्ट, आणि चकाकी मारायला पोलरायझिंग फिल्टर. एकमेकांवर चढणारे पुष्कळ फोटो घेतले की फोटोग्रामेट्रीने आकार मिळतो, आणि आकार कळला की खाचांमधली काळोखी हिशेबाने वजा करता येते. याला डिलायटिंग म्हणतात. २०१२ मध्ये डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी मूळ रंग, रफनेस (बारीक खरखरीतपणा), धातूपणा अशा मोजक्या आकड्यांत पदार्थ मांडणारं मॉडेल जाहीर केलं. अशी पद्धत रुळल्यावर नुसता एक फोटो पुरेना. स्कॅन केलेल्या पदार्थांचे संग्रह उभे राहिले. २०१९ मध्ये एपिक गेम्सने मेगास्कॅन्स हा असाच संग्रह असलेली क्विक्सेल कंपनी विकत घेतली.

आता न्यूरल नेटवर्क एकाच फोटोवरून हे सगळे मॅप, म्हणजे प्रत्येक गुणाचं वेगळं चित्र, अंदाजाने काढून देतात. ओल्या दगडापाशी मात्र ती अजून अडखळू शकतात: पाण्याने आलेला काळपटपणा दगडाचाच रंग समजला जातो.