तहसीलदारांना धुरा कळेल का?

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात मी नववीला मराठी शिकवतो. उपयोजित लेखनाच्या तासाला एका मुलीने तहसीलदारांच्या नावे लिहिलेला अर्ज असा सुरू झाला होता : ‘आमच्या वावरात जायचा पांदण रस्ता धुऱ्यापासून बंद केला आहे, तरी तो मोकळा करून द्यावा.’ वाक्य शुद्ध होते, अक्षर सुरेख होते आणि गावातील कोणालाही त्यातून सर्व काही कळले असते, कारण रस्ता कोणता, धुरा कोणाचा आणि तो अडवला कोणी हे गावाला आधीच ठाऊक होते. तहसील कार्यालयातील माणसाला मात्र त्या कागदाच्या आधारे काहीच करता आले नसते. शेतात जाण्याची अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ ने तहसीलदारांना दिलेला आहे, परंतु अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. आणि या अर्जात ना तारीख होती, ना गट क्रमांक. शिवाय तहसीलदार पश्चिम महाराष्ट्रातील असतील तर त्यांच्या बोलीत धुऱ्याला बांध म्हणतात.

अशा लेखनाला कार्नेगी मेलन विद्यापीठातील लिंडा फ्लॉवर यांनी १९७९ साली ‘लेखककेंद्री गद्य’ असे म्हटले. त्यांच्या मते हा आळस नव्हे. लिहिणारा आपल्या विचारांच्या क्रमानेच लिहीत जातो, त्याच्या मनातील संदर्भ त्याला इतके जवळचे असतात की ते कागदावर उतरलेले नाहीत हे त्याच्या लक्षातच येत नाही.

ते लक्षात येणे किती अवघड आहे, हे स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली केलेल्या एका साध्या प्रयोगातून दिसते. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा आणि समोरच्याने गाणे ओळखायचे, एवढाच तो प्रयोग होता. निम्म्या वेळा तरी गाणे ओळखले जाईल असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर आणि शब्द दोन्ही चालू असतात, ऐकणाऱ्याला केवळ टकटक ऐकू येते. आमच्या वर्गात भजनांवर हाच खेळ घेतला, तेव्हा वाजवणारी मुले ऐकणाऱ्यांवर खरोखर चिडली.

‘वाचकाचा विचार करून लिहा’ असे आम्ही शिक्षक नेहमी सांगतो, आणि माझ्या मते त्या सांगण्याचा फारसा उपयोग होत नाही. परीक्षेतील पत्र मुले तहसीलदारांना लिहीत नाहीत, ते तपासनिसाला लिहितात, आणि तपासनीस मायना, दिनांक, विषय यांचे गुण देऊन पुढे जातो. मॅथ्यू ट्रॅक्सलर आणि मॉर्टन गर्न्सबाखर यांनी १९९२ आणि १९९३ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग मला म्हणूनच महत्त्वाचे वाटतात. त्यांनी लेखकांना भौमितिक आकृत्यांचे शब्दांत वर्णन करायला लावले, आणि ते वर्णन वाचून वाचकांनी मिळत्याजुळत्या आकृत्यांमधून नेमकी आकृती शोधायची होती. आपले वर्णन वाचून किती वाचकांना योग्य आकृती सापडली, एवढीच माहिती ज्यांना मिळाली त्यांचेही पुढचे खर्डे सुधारले. ज्यांना ती मिळाली नाही त्यांचे सुधारले नाहीत. दुसऱ्या प्रयोगात काही लेखकांनी स्वतः वाचकाचे काम केले, म्हणजे इतरांची वर्णने वाचून आकृत्या शोधल्या, आणि तेवढ्याने त्यांना आपले वर्णन अधिक चांगले दुरुस्त करता आले.

आम्ही आकृत्यांऐवजी सातपासून एकपर्यंत उतरत्या ठिपक्यांची रांगोळी घेतली. एकाने ती शब्दांत लिहायची, दुसऱ्याने केवळ तो कागद वाचून पाटीवर काढायची, आणि लिहिणाऱ्याने शेजारी गप्प बसून पाहायचे. ‘मग बाजूच्या ठिपक्याला जोडा’ या वाक्यावर मैत्रिणीचा खडू हवेत थांबलेला पाहिल्यावर त्या मुलीला जे समजले, ते माझ्या लाल शाईने तिला वर्षभरात समजले नव्हते.

वाचनाचीही दुसरी बाजू आहेच. क्रिस्टिना हास आणि लिंडा फ्लॉवर यांनी १९८८ साली काही अनुभवी आणि काही नवख्या विद्यार्थ्यांना एक उतारा वाचताना मनात येणारे विचार मोठ्याने बोलायला सांगितले. हा मजकूर कोणी, कोणासाठी आणि कशासाठी लिहिला असावा, याविषयीचे बोलणे अनुभवी वाचकांत सुमारे १३ टक्के होते, तर नवख्यांमध्ये जेमतेम १ टक्का. नवख्यांचा बहुतेक वेळ मजकुरात काय आहे हे समजून घेण्यातच गेला. गुलाबी बोंडअळीवरची दोन पत्रके, एक अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे आणि एक औषध विकणाऱ्याचे, वर्गात शेजारी ठेवून वाचली, तेव्हा प्रथम मुलांनीही दोन्हींतील माहितीच सांगितली. ‘फवारणी नेमकी केव्हा करू नये, हे कोणत्या पत्रकात लिहिले आहे?’ असे विचारल्यावर मात्र दोन्ही कागद पुन्हा आणि वेगळ्या नजरेने वाचले गेले.

मुलांनी एकमेकांचे लेखन तपासले तर ‘अक्षर छान आहे’ यापलीकडे काय निघणार, ही शंका मलाही होती, आणि पहिले दोन आठवडे ती खरी ठरली. ती ओसरली ती प्रत्येकाला भूमिका दिल्यावर. तपासणारा तलाठी झाला, कारकून झाला, आणि त्याला चुका दाखवायला बंदी होती. फक्त आपले काम जिथे अडते तिथे प्रश्न लिहायचा होता. क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा २००९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे नेमका लागू पडतो : ज्या गटाने केवळ इतरांच्या निबंधांवर अभिप्राय दिले, त्या गटाचे स्वतःचे लेखन केवळ अभिप्राय घेणाऱ्या गटापेक्षा अधिक सुधारले, आणि हा लाभ नवशिक्यांमध्ये विशेष दिसला.

दिवाळीनंतर एका मुलाने जळालेल्या डीपीबद्दल, म्हणजे विजेच्या रोहित्राबद्दल, अर्ज लिहिला. त्याच्या समासात पांदण रस्त्याचा अर्ज लिहिणाऱ्या मुलीने वायरमन होऊन पेन्सिलीने लिहिले : ‘कोन्ती डीपी? कवा जळाली? त्यावर किती मोटारी हायेत?’ मग तिने आपली वही मागून घेतली आणि जुन्या अर्जात गट क्रमांकासाठी व तारखेसाठी जागा सोडली, कारण दोन्ही गोष्टी तिला घरी वडिलांना विचारायच्या होत्या. ‘धुरा’ हा शब्द तिने खोडला नाही. त्याच्यापुढे कंसात ‘बांध’ लिहिले.