मदतनीस ते सेविका: बारावी, बालशिक्षणाची पदविका आणि अर्जाची कागदपत्रे

अंगणवाडीत मदतनीस असलेल्या ताईला सेविका होता येते, हे आता बहुतेक गावांत माहीत आहे. तरीही जागा निघाली की अनेकींचा अर्ज बाद होतो. काम येत नाही म्हणून नव्हे, तर बारावीची गुणपत्रिका नाही, दाखल्यावरचे नाव जुळत नाही, रहिवासाचा पुरावा वेळेत मिळाला नाही म्हणून. जाहिरातीची मुदत थोड्या दिवसांची असते. त्यामुळे खरी तयारी जाहिरातीच्या वर्षभर आधी करावी लागते, आणि ही माहिती त्या तयारीसाठीच आहे.

पैशाच्या हिशेबातही ही पायरी मोठी आहे. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात सेविकेचे मासिक मानधन 13,000 रुपये आहे आणि मदतनिसाचे 7,500. प्रोत्साहन भत्ता वेगळा.

पात्रता काय लागते

राज्याच्या 2 फेब्रुवारी 2023 च्या शासन निर्णयाने सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांसाठी किमान शिक्षण बारावी उत्तीर्ण केले. वय 18 ते 35, विधवा उमेदवाराला 40 पर्यंत सवलत. उमेदवार त्याच महसुली गावची रहिवासी हवी. वाडी, वस्ती, पाडा त्यात धरले जातात, पण ग्रामपंचायत एकच असली तरी शेजारचे गाव चालत नाही. लहान कुटुंबाची अटही आहे, म्हणजे दोनपेक्षा जास्त अपत्ये नसावीत. अंगणवाडीतली निम्म्याहून अधिक मुले मराठीखेरीज दुसरी भाषा बोलत असतील, तर ती भाषा उमेदवाराला यायला हवी. मेळघाटातल्या कोरकू मुलाशी पहिल्या दिवशी कोरकूत बोलणारी बाई असावी, यापेक्षा शहाणी अट या निर्णयात दुसरी नाही.

निवड 100 गुणांच्या यादीवर होते. त्यातले 75 शिक्षणाचे: बारावीच्या टक्केवारीला 60 पर्यंत, पदवीला 5, पदव्युत्तर पदवीला 4, डी.एड., बी.एड. आणि संगणक प्रमाणपत्राला प्रत्येकी 2. उरलेल्या 25 मध्ये विधवा किंवा अनाथ असणे, जात प्रवर्ग आणि अनुभव येतात. सेविका किंवा मदतनीस म्हणून किमान 2 वर्षांच्या अनुभवाला 5 गुण आहेत. यात लहान मुलांच्या शिक्षणाच्या पदविकेला स्वतंत्र गुण नाहीत, हे मला मनापासून खटकते. जे शिक्षण या कामाचा कणा आहे, तेच यादीबाहेर राहिले आहे.

थेट भरतीखेरीज बढतीचाही रस्ता आहे. केंद्राच्या सक्षम अंगणवाडी आणि पोषण 2.0 या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत सेविकांची निम्मी पदे 5 वर्षे अनुभवाच्या मदतनिसांतून, आणि पर्यवेक्षिकांची (म्हणजे मुख्यसेविकांची) निम्मी पदे तितक्याच अनुभवाच्या सेविकांतून भरावीत असे आहे. शिक्षणाची अट मात्र दोन्हीकडे पूर्ण करावी लागते.

बारावी नसेल तर

दहावी होऊन शिक्षण सुटले असेल, तर राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बारावी देता येते. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेसाठी ही नोंदणी साधारण पावसाळ्यात सुरू होते, मुदतीनंतर विलंब शुल्क पडते. मंडळाच्या संकेतस्थळावर अर्ज भरून जवळचे कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडायचे आणि कागद तिथे जमा करायचे: शाळा सोडल्याचा मूळ दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार, फोटो. दाखला हरवला असेल तर शाळेकडून दुय्यम प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. इथे एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा: 17 नंबर ही फक्त नोंदणी आहे. परीक्षेचे आवेदनपत्र नंतर त्याच महाविद्यालयामार्फत वेगळे भरावे लागते. नोंदणीवरच थांबलेल्या बाईचे अख्खे वर्ष जाते.

नावाचा घोळ आधी सोडवा

सगळ्यात जास्त अडचण इथे येते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, रेशनकार्डावर हाक मारायचे, आणि बँकेत आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. विवाह नोंदणी प्रमाणपत्र असेल तर माहेर-सासरच्या नावांची सांगड बसते. ते नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विवाह नोंदणी आजही करून घेता येते, लग्नाला कितीही वर्षे झाली असली तरी. नाव मुळातच बदलले असेल तर राजपत्रात प्रसिद्धी द्यावी. हे काम दोन दिवसांत होत नाही, म्हणून ते आत्ताच हाती घ्या.

बाकीचे कागद असे: रहिवासी दाखला, जन्मतारखेचा पुरावा, बारावी व पुढच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र, संगणक प्रमाणपत्र, लागू असल्यास पतीच्या मृत्यूचा दाखला. अनुभवाचा दाखला बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या सहीचा घ्या. प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही करायला विसरू नका.

गुण नसले तरी शिकण्यासारखे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांना 6 महिन्यांचा बालशिक्षण प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना 1 वर्षाची पदविका द्यावी, असे म्हटले आहे. मे 2023 मध्ये सुरू झालेल्या ‘पोषण भी, पढाई भी’ या केंद्राच्या कार्यक्रमात सेविकांना 3 दिवसांचे प्रशिक्षण मिळते. तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 48 आठवड्यांचा ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम त्यातूनच वर्गात आले. तीन दिवसांत दिशा कळते, पण मूल का चावते, का बोलत नाही, चित्र काढताना काय शिकते, हे समजायला वेळ लागतो.

त्यासाठी इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) बाल्यावस्थेतील संगोपन व शिक्षण पदविका आहे. पात्रता बारावी, मुदत किमान 1 वर्ष, 32 श्रेयांक (क्रेडिट), हिंदी माध्यम घेता येते. तीन भाग अभ्यासाचे आणि चौथा प्रकल्पकामाचा. अंगणवाडीत रोज मुलांमध्ये असलेल्या ताईला हा चौथा भाग जड जात नाही. प्रवेश जानेवारी आणि जुलैच्या सत्रांसाठी ऑनलाइन होतात. फोटो, सही, वयाचा पुरावा आणि बारावीची गुणपत्रिका अपलोड करावी लागते. राज्यात मुंबई, पुणे आणि नागपूर इथे प्रादेशिक केंद्रे आहेत. स्वाध्याय वेळेत जमा करा, नाहीतर परीक्षा देऊनही निकाल अपूर्ण राहतो. पुढे थेट भरतीने मुख्यसेविका व्हायचे असेल तर पदवी लागते, हेही आत्ताच ध्यानात ठेवा.

अर्ज देताना

अर्ज जाहिरातीत दिलेल्या प्रकल्प कार्यालयात द्यायचा. मुदत संपल्यावर सहसा एकही जादा कागद घेतला जात नाही, म्हणून जोडलेल्या कागदांची यादी अर्जावरच लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की आपले गुण स्वतः मोजून पाहा. अनुभवाचे 5 गुण धरलेले नसतील तर हरकतीच्या मुदतीत लेखी अर्ज द्या, अनुभवाच्या दाखल्याची प्रत पुन्हा जोडा, आणि त्याचीही पोच घ्या.